स्वच्छ प्रतीचा मोह

कोणत्याही मंत्रालयात, मग ते दिल्लीतले असो की एखाद्या राज्याच्या राजधानीतले, महत्त्वाचा मसुदा अंतिम होण्याच्या दिवशी एक आज्ञा हमखास ऐकू येते : "क्लीन कॉपी काढा." आज्ञा मिळताच कक्ष अधिकारी संगणकावर वर्डची फाइल उघडतो, सर्व बदल एकदम स्वीकारणाऱ्या बटणावर टिचकी मारतो, समासातले शेरे पुसून टाकतो आणि प्रिंटरमधून पांढराशुभ्र कागद बाहेर पडतो. तीन आठवडे पाच टेबलांवर फिरलेला मसुदा, त्यात कुणी काय घातले, काय काढले, कुणी कशाला हरकत घेतली, त्या हरकतीला काय उत्तर मिळाले, हे सारे त्या एका टिचकीसरशी नाहीसे होते. सचिवालयात याला नीटनेटकेपणा म्हणतात. माझ्या मते ही शासकीय अभिलेखाची नासधूस आहे आणि ती रोज, राजरोसपणे, कुणाच्याही मनात अपराधाची भावना नसताना चालू आहे.

ज्यांचा सरकारी कचेरीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. शब्दसंस्करणाच्या आज्ञावलीत 'ट्रॅक चेंजेस' नावाची सोय असते. ती चालू ठेवली की काढलेला शब्द खोडलेला दिसतो, घातलेला शब्द अधोरेखित दिसतो आणि प्रत्येक बदलामागे कुणी व केव्हा याची नोंद राहते. तपासणारा अधिकारी समासात आपला शेराही लिहू शकतो. ही प्रत छापताना तीन पर्याय असतात. खुणा व शेऱ्यांसह छापता येते, खुणा लपवून छापता येते किंवा मजकूर बाजूला ठेवून केवळ बदलांची यादी छापता येते. म्हणजे यंत्राने आपले काम चोख केलेले असते. नासधूस करतो तो माणूस.

हा ब्लॉग वाचणाऱ्यांत बंगळूर, हैदराबाद किंवा त्याही पलीकडे संगणक क्षेत्रात काम करणारे मराठी वाचक बरेच आहेत. त्यांना हे वाचून नवल वाटेल. त्यांच्या व्यवसायात प्रोग्रॅमची एकेक ओळ कुणी, कोणत्या दिवशी, कशासाठी बदलली हे कायमचे नोंदलेले असते आणि ती नोंद पुसणारा माणूस फार काळ नोकरीत टिकत नसावा. आज जगभर वापरली जाणारी 'गिट' ही आवृत्त्या जपणारी प्रणाली २००५ साली जन्मली. आपला माहितीचा अधिकार कायदाही २००५ चाच. वीस वर्षांनंतर संगणकाचा प्रोग्रॅम कसा बदलत गेला हे शोधता येते, पण शासनाची अधिसूचना कशी बदलत गेली हे शोधता येत नाही. असो.

कुणी म्हणेल, ही संगणकाने आणलेली नवी डोकेदुखी आहे, पूर्वी असे काही नव्हते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. कागदाच्या काळात आपली पद्धत याबाबतीत अतिशय कडक आणि शहाणी होती. केंद्रीय सचिवालयाची कार्यपद्धती-पुस्तिका ज्यांनी वाचली आहे (वाचणारे थोडे, उद्धृत करणारे पुष्कळ), त्यांना माहीत असेल की वरिष्ठाने कनिष्ठाला त्याची एकदा सादर केलेली टिपणी बदलायला किंवा काढून दुसरी ठेवायला सांगू नये, असा तिच्यात स्पष्ट दंडक आहे. वरिष्ठाला ती पटत नसेल तर त्याने खाली स्वतःची टिपणी लिहावी, कनिष्ठाने दिलेली माहिती चूक असेल तर ती दुरुस्त करावी, पण मूळ टिपणी जशीच्या तशी राहिली पाहिजे. टिपणीवर कागद चिकटवून मजकूर झाकणे आक्षेपार्ह मानले आहे. शाईबद्दलसुद्धा नियम आहे. मूळ मसुदा निळ्या वा काळ्या शाईत लिहावा आणि पुढच्या पातळीवरील अधिकाऱ्यांनी दुरुस्त्या हिरव्या किंवा लाल शाईत कराव्यात, हेतू हा की कोणती दुरुस्ती नंतरची ते डोळ्यांना दिसावे. मसुदा मंजूर झाला की तो खाडाखोडीसकट नस्तीत लागायचा, त्यावरून टंकलिखित प्रत तयार होऊन रवाना व्हायची. त्या खाडाखोडीच्या कागदाला कुणी गलिच्छ म्हणत नसे. उलट अनुभवी कक्ष अधिकारी नवख्याला जुनी नस्ती काढून दाखवायचे आणि अमुक सचिवांनी परिच्छेद कसा कापला, एका विशेषणाची काट कशी मारली ते शिकवायचे. मसुदालेखन शिकण्याची ती खरी शाळा होती. आज नव्या अधिकाऱ्याला नस्तीत फक्त उत्तरे सापडतात, गणित कसे सोडवले ते सापडत नाही.

आणखी मागे जायचे तर शिवकालीन पत्रांचा शेवट आठवावा. मजकूर संपला तेथे 'मर्यादेयं विराजते' ही मर्यादामुद्रा उमटवली जाई, जेणेकरून खाली कुणी एक ओळसुद्धा वाढवू नये. कागदावर काय होते आणि नंतर काय आले यातला फरक राज्यकारभारात प्राणासारखा जपायचा असतो, ही समज आपल्याकडे संगणकाच्या कितीतरी आधीपासून आहे.

परंतु सगळ्यांत मोठा दाखला आपल्या राज्यघटनेच्या मसुद्याचा आहे आणि त्याची आठवण प्रशासनातल्या फारच थोड्यांना असते. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २१ फेब्रुवारी १९४८ रोजी घटनेचा मसुदा घटना समितीच्या अध्यक्षांना सादर केला. त्यासोबतच्या पत्रात त्यांनी एक गोष्ट सांगितली आहे. घटना समितीने आणि तिच्या विविध समित्यांनी घेतलेल्या निर्णयांपासून मसुदा समितीला जेथे जेथे वेगळे काही सुचवावेसे वाटले, तेथे तेथे ते शब्द अधोरेखित केले आहेत किंवा समासात उभी रेघ ओढली आहे. एवढेच नव्हे, तर अशा प्रत्येक बदलाचे कारण तळटीप देऊन सांगितले आहे. वाचकहो, हे 'ट्रॅक चेंजेस' नव्हे तर काय? शिसाच्या खिळे-जुळणीच्या काळात, फाळणीच्या जखमा ओल्या असताना, एका नव्या राष्ट्राच्या मूलभूत कायद्याचा मसुदा बदलांच्या खुणा आणि कारणांच्या शेऱ्यांसकट छापून लोकांसमोर ठेवला गेला. समितीने 'स्वच्छ प्रत' छापली असती तर कोण विचारणार होते? पण बदल करण्याचा अधिकार आणि बदल लपवण्याचा अधिकार हे दोन वेगळे अधिकार आहेत, आणि दुसरा आपल्याला कुणी दिलेला नाही, हे त्या समितीने ओळखले होते. संसदेत ही रीत आजही जिवंत आहे. संयुक्त समितीकडून परत आलेले विधेयक पाहा. समितीने घातलेले शब्द खुणेने दाखवलेले असतात आणि गाळलेल्या मजकुराच्या जागी फुल्या असतात. म्हणजे विधिमंडळ आपल्या खोडण्याची जाहीर नोंद ठेवते, आणि त्याच कायद्याखालचे नियम ज्या कचेरीत लिहिले जातात ती कचेरी आपली खोडलेली अक्षरे संध्याकाळी सहाच्या आत पुसून टाकते.

खुणा पुसल्या तर काय बिघडते, असे विचारणाऱ्याला मी २०१३ चे कोळसा प्रकरण वाचायला सांगतो. कोळसा खाणवाटपाच्या तपासाचा स्थितिदर्शक अहवाल सीबीआयने सर्वोच्च न्यायालयात सादर केला. सादर करण्यापूर्वी त्याचा मसुदा तत्कालीन कायदामंत्र्यांना आणि पंतप्रधान कार्यालयातील व कोळसा मंत्रालयातील सहसचिव दर्जाच्या अधिकाऱ्यांना दाखवला होता, हे सीबीआयच्या संचालकांनी २६ एप्रिल २०१३ च्या प्रतिज्ञापत्रात मान्य केले. न्यायालयाचा पुढचा प्रश्न साधा होता : काय बदलले आणि कुणी बदलले? ६ मे रोजी दुसरे प्रतिज्ञापत्र आले. त्यात काही बदल कुणाच्या सांगण्यावरून झाले ते सांगितले होते, पण प्रत्येक बदल अमुक एका व्यक्तीचा असे खात्रीने सांगणे कठीण आहे, अशीही कबुली होती. ८ मे रोजी न्यायालयाने अहवालाचा गाभाच बदलला गेल्याचे म्हटले आणि पिंजऱ्यातल्या पोपटाची ती प्रसिद्ध उपमा दिली. १० मे रोजी कायदामंत्र्यांनी राजीनामा दिला. देशाला पोपट लक्षात राहिला. मला मात्र ती कबुली लक्षात राहिली आहे. देशातील अग्रगण्य तपास यंत्रणा, समोर सर्वोच्च न्यायालय, विषय देशाच्या खनिज संपत्तीचा, आणि दोन महिन्यांपूर्वीच्या एका मसुद्यात कोणते वाक्य कुणी खोडले हे खात्रीने सांगता येत नाही! जी गोष्ट एखाद्या छोट्या कंपनीतला शिकाऊ प्रोग्रॅमर दोन मिनिटांत सांगेल ती सांगता येत नाही. मसुद्याची प्रत्येक फेरी खुणांसकट छापून नस्तीत लावलेली असती, तर ज्यांचा हात स्वच्छ होता ते अधिकारी एका कागदावर मोकळे झाले असते आणि ज्यांचा नव्हता त्यांना लपायला जागा उरली नसती.

ही झाली मोठ्यांची गोष्ट. रोजच्या कारभारात याची झळ कुणाला बसते ते मी पाहिले आहे. एका मंत्रालयात मी नव्याने रुजू झालो, तेव्हा एका अवर सचिवाचे स्पष्टीकरण तपासायचे काम माझ्याकडे आले. एका अर्थसाहाय्य योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत अर्जावर निर्णय किती दिवसांत द्यायचा याचे कलम होते. निघालेल्या सूचनांत 'शॅल' या शब्दाच्या जागी 'मे' होता आणि तीस दिवसांच्या मुदतीच्या जागी 'शक्यतो लवकर' अशा अर्थाचे शब्द होते. इंग्रजीतला हा एका शब्दाचा फरक. मराठीत सांगायचे तर 'देईल'चे 'देऊ शकेल' झाले. परिणाम असा की जिल्ह्याजिल्ह्यांत अर्ज पडून राहिले आणि अर्जदारांच्या हाती मुदत म्हणून दाखवायला काही उरले नाही. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला आणि बंधनकारक मुदत कुणी काढली असा शोध सुरू झाला. नस्तीत काय होते? 'चर्चेनुसार सुधारित मसुदा सोबत जोडला आहे' एवढे एक वाक्य, आणि अंतिम प्रतीच्या पानावर त्या अवर सचिवाची आद्याक्षरे. ज्ञापन अर्थातच त्यालाच मिळाले. त्याच्या निवृत्तीला आठ महिने होते. विभागीय कारवाई चालू असताना निवृत्त होणाऱ्याला तात्पुरते निवृत्तिवेतन मिळते आणि उपदान रोखून धरले जाते, हे सांगायला नकोच.

तो माणूस सांगत होता की मुदतीचे कलम त्यानेच लिहिले होते, वरच्या बैठकीनंतर ते बदलले गेले. पुरावा? संगणकातल्या फाइलचे सर्व बदल 'स्वीकारलेले' होते. सुटका झाली ती एका योगायोगाने. आपल्या कचेऱ्यांत एका बाजूने छापलेले कागद रफ कामासाठी वापरतात. त्या शाखेतल्या एका सहायकाच्या टेबलावर अशा कागदांचा टाचलेला गठ्ठा होता, दूरध्वनीवरचे निरोप लिहायला. त्यात त्या मसुद्याच्या एका जुन्या फेरीची पाने निघाली, चुकून खुणांसकट छापली गेलेली. मुदतीच्या ओळीवर काट होती, समासात 'कालमर्यादा नको' अशा अर्थाचा शेरा होता आणि शेऱ्याशेजारी आद्याक्षरे होती, अवर सचिवाची नव्हे. पाठीमागे कुणीतरी टॅक्सीचा क्रमांक लिहून ठेवला होता. एका माणसाची तीस वर्षांची नोकरी रद्दीच्या कागदाने वाचवली. ज्या कागदाची जागा नस्तीत होती तो रद्दीत सापडला, आणि पुढच्या आठवड्यात रद्दी विकली गेली असती तर तोही सापडला नसता. बदल करणाऱ्या अधिकाऱ्याची बाजू अगदीच लंगडी होती असेही मला म्हणायचे नाही. जिल्ह्यांकडे मनुष्यबळ नाही, पाळता न येणारी मुदत घालून उपयोग काय, असे त्याचे म्हणणे असू शकेल. मग ते लिहायला हवे होते. लिहिले असते तर जिल्ह्यांना माणसे देण्याचा विषय तरी निघाला असता.

आता यावरचे आक्षेप. पहिला आणि सर्वांत भारदस्त आक्षेप असा, की शेरे कायमचे राहणार म्हटले तर अधिकारी मोकळेपणाने लिहिणार नाहीत. हा युक्तिवाद मी पूर्वीही ऐकला आहे आणि आपण सर्वांनीच ऐकला आहे. २००६ साली नस्तीवरील टिपण्या माहितीच्या अधिकारातून वगळण्याच्या दुरुस्तीला केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली होती, तेव्हा हेच कारण सांगितले गेले. त्या वेळी देशभर विरोध झाला, अण्णा हजारे आळंदीला उपोषणाला बसले आणि सरकारला ती दुरुस्ती मागे ठेवावी लागली. पुढे २००९ साली कार्मिक विभागाने ज्ञापन काढून टिपण्या माहितीच्या व्याख्येत येतात हे स्पष्ट केले. त्यानंतर प्रामाणिक अधिकाऱ्यांनी लिहिणे थांबवले का? माझा अनुभव उलट आहे. ज्याला लेखी मत द्यायचे असते तो देतोच, कारण तेच त्याचे संरक्षण असते. गप्प होतो तो तोंडी सांगून लेखी नामानिराळा राहू इच्छिणारा. अशा तोंडी आज्ञांविषयी सर्वोच्च न्यायालयाने टी. एस. आर. सुब्रमण्यम यांच्या याचिकेवर ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी निर्णय देताना सांगितलेच आहे की त्या नोंदल्या गेल्या पाहिजेत. अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या वर्तणूक नियमांतही वरिष्ठाचा आदेश सामान्यतः लेखी असावा असे आहे. मग संगणकावरील मसुद्यात वरिष्ठाने केलेली खोडाखोड ही लेखी आज्ञा नाही तर दुसरे काय आहे? ती पुसणे म्हणजे लेखी आज्ञेचे पुन्हा तोंडी आज्ञेत रूपांतर करणे होय.

आणि येथे एक गंमत ध्यानात घ्यावी. टिपण्या मिळवण्यासाठी एवढी लढाई झाली, पण तोवर खरा निर्णय टिपणीतून निघून मसुद्याच्या समासात जाऊन बसला होता. आजची टिपणी बहुधा सपक असते : 'मसुदा अवलोकनार्थ सादर', 'चर्चेनुसार', 'मान्य'. वादविवाद सगळा वर्डच्या फुग्यांमध्ये झालेला असतो. नागरिकाला कायद्याने टिपणी मिळते आणि तिच्यात काही नसते. जे अभिलेखात ठेवलेच नाही ते मागणार तरी कसे? याच कायद्याच्या कलम ४ मध्ये बाधित व्यक्तींना निर्णयाची कारणे कळवण्याचे कर्तव्य सांगितले आहे. कारणे समासात होती, समास पुसला.

दुसरा आक्षेप कागदाचा. या ई-ऑफिसच्या युगात तुम्ही छापायला कसले सांगता, असे तरुण सहकारी विचारतात. ई-ऑफिस मी वापरतो आणि टिपणीच्या बाबतीत ती चांगली आहे. पिवळी टिपणी कच्ची, ती निश्चित झाली की हिरवी होते आणि हिरवी बदलता येत नाही. म्हणजे पुस्तिकेतला तो जुना दंडक प्रणालीतच बसवला आहे. पण मसुद्यांचे काय होते? ते बाहेर वर्डमध्ये तयार होतात, ई-मेलने आणि आता तर व्हॉट्सअ‍ॅपनेही फिरतात, पाच जणांच्या हातून घासूनपुसून झाले की मग त्यांची पीडीएफ नस्तीला जोडली जाते. प्रणालीच्या दृष्टीने तो मसुदा त्या क्षणी जन्माला आला, पूर्ण वाढलेला आणि दाढीमिशांसकट. म्हणून माझा आग्रह कागदाचा नाही. खुणांसकट छापा किंवा खुणांसकट पीडीएफ करून नस्तीत चढवा, पण जी स्थिर आहे, जी उद्या कुणाला टिचकी मारून बदलता येणार नाही अशी प्रत ठेवा. वर्डची फाइल ठेवली आहे, हे उत्तर पुरेसे नाही, कारण तिच्यातल्या खुणा कोणीही केव्हाही स्वीकारू किंवा काढून टाकू शकतो.

तिसरा आक्षेप उघडपणे कुणी घेत नाही, पण तोच खरा आहे : भीती. याला परदेशातली दोन प्रकरणे कारणीभूत झाली. फेब्रुवारी २००३ मध्ये ब्रिटिश सरकारने इराकविषयीची पुस्तिका वर्डच्या स्वरूपात प्रसिद्ध केली आणि तिच्या पोटातून ती कुणाकुणाच्या संगणकावर फिरली याचा इतिहास बाहेर पडला. ऑक्टोबर २००५ मध्ये लेबनॉनचे माजी पंतप्रधान रफीक हरीरी यांच्या हत्येच्या चौकशीचा डेटलेव्ह मेहलिस यांचा अहवाल संयुक्त राष्ट्रसंघाने इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दिला, त्यात ट्रॅक केलेले बदल तसेच राहिले होते. सीरियाच्या अध्यक्षांचा भाऊ आणि मेहुणा यांची नावे शेवटच्या फेरीत काढली गेल्याचे वेळेसकट दिसले आणि दबावाचा आरोप झाला. मेहलिस यांनी खुलासा केला की अहवाल जाहीर होणार आहे हे कळल्यावर, सिद्ध न झालेल्या आरोपात नावे येऊ नयेत म्हणून त्यांनी ती काढली. कारण पटण्यासारखे होते. पण ते नंतर सांगितले गेले म्हणून कुणाला पटले नाही. जगभरच्या नोकरशाहीने यातून धडा घेतला तो असा : खुणा आधी पुसा. १९४८ च्या मसुदा समितीची तळटीप ज्याला ठाऊक आहे तो म्हणेल की धडा दुसरा होता : खुणेशेजारी कारण लिहा. बाहेर जाणारी प्रत स्वच्छ असावी, तीत वादच नाही. नस्तीतली प्रत स्वच्छ असण्याचे कारण काय?

१९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा केंद्राच्या कचेऱ्यांना लागू आहे. अभिलेख नष्ट करण्याची रीत त्यात सांगितली आहे आणि ती मोडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षाही आहे. अधिकृत कामात, अधिकृत संगणकावर, अधिकृत पदावरून लिहिलेला समासातला शेरा त्या कायद्याच्या अर्थाने अभिलेख ठरतो की नाही, हा प्रश्न विधी विभागाला एकदा लेखी विचारण्यासारखा आहे. उत्तर खुणांसकट पाठवावे अशी विनंतीही करावी.

काही व्यवहाराच्या गोष्टी सांगितल्या पाहिजेत, कारण तत्त्व मान्य करूनही लोक येथेच अडखळतात. आपल्या कचेऱ्यांतल्या निम्म्या संगणकांवर वापरणाऱ्याचे नाव 'यूजर' किंवा 'अ‍ॅडमिन' असते. सगळे बदल एकाच यूजरने केलेले दिसले तर खुणा असून नसल्यासारख्या. आज्ञावलीच्या ऑप्शन्समध्ये जाऊन आपले पदनाम घालायला अर्धे मिनिट लागते. दुसरे, पडद्यावर प्रत्येक अधिकाऱ्याच्या दुरुस्त्या वेगळ्या रंगात दिसतात, पण आपले प्रिंटर काळे-पांढरे. रंग गेला की खोडणारा कोण ते कळत नाही. शेऱ्यांवर आद्याक्षरे छापली जातात, दुरुस्त्यांवर छापली जातीलच असे नाही. म्हणून खुणांसकटची प्रत आणि बदलांची यादी, 'लिस्ट ऑफ मार्कअप', दोन्ही छापावीत. यादीत नाव, तारीख आणि वेळ येते. फुग्यांमुळे मूळ मजकूर बारीक होतो ही साहेबांची तक्रार रास्त आहे. पान आडवे घेतले की ती दूर होते. लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांना शेरे समासात, पानाच्या तळाशी किंवा दस्तऐवजाच्या शेवटी छापण्याची निवड आहे.

आणि मराठी-हिंदी मसुद्यांसाठी एक खास सूचना. घातलेला मजकूर अधोरेखित करण्याची जी मूळची मांडणी असते ती रोमन लिपीला सोयीची आहे. देवनागरीत ती रेघ उकार आणि ऋकारांवरून जाते आणि काळ्या छपाईत 'कु' आणि 'कृ' ओळखू येत नाही. ऑप्शन्समध्ये अधोरेखेऐवजी ठळक अक्षरे निवडावीत. भाषांतरकारालाही हीच प्रत द्यावी. राजभाषा अधिनियमाच्या कलम ३(३) प्रमाणे केंद्राच्या अधिसूचना दोन्ही भाषांत निघाव्या लागतात आणि भाषांतरकाराच्या हाती शेवटी स्वच्छ प्रत येते. 'शॅल' काढून 'मे' मुद्दाम घातला आहे हे त्याला कळले नाही, तर तो वाक्याच्या ओघात 'करेगा' लिहून मोकळा होतो आणि एकाच अधिसूचनेचे दोन अर्थ राजपत्रात शेजारी शेजारी छापले जातात. खुणांची प्रत समोर असेल तर काट मारलेला शब्द त्याच्या नजरेस पडेल, आणि त्या जागी तो थांबून विचारील.